मागील पानावरून पुढे

लोकांना दिवाळी म्हटली की चकलीचा खमंग वास आठवतो, मला आठवतो तो कोऱ्या वहीच्या लाल कापडाचा. १९६३ साली एस्. एस्. सी. होऊन मी मुळजी जेठा मार्केटातल्या एका कापडाच्या पेढीवर उमेदवार कारकून म्हणून लागलो. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी शेठजी नवी वही पाटावर ठेवीत, तिच्यावर कुंकवाचे स्वस्तिक काढीत, 'शुभ-लाभ' लिहीत. मग पेढे, मग विडे, मग आम्हां पोरांना पाच-पाच रुपये. पण खरे काम त्यानंतर सुरू होई. म्हातारे मुनीमजी मला शेजारी बसवून घेत आणि कालच्या वहीतली एकेक बाकी आजच्या वहीत उतरवून घेत. आधी देणी, मग येणी. एके वर्षी मी कंटाळून म्हटले, "मुनीमजी, इतकी सुंदर वही, आणि पहिल्याच पानावर कर्ज लिहायचे?" त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे असे काही पाहिले की मी निमूटपणे टाक उचलला आणि लिहिले: 'मागील पानावरून पुढे.'

पुढे मी बी. कॉम. झालो, पेढी सुटली, एका कंपनीच्या हिशेबखात्यात छत्तीस वर्षे काढली. तेव्हा हिशेबाच्या गोष्टी दिवाळी अंकात काढून मी वाचकांच्या फराळात खडे मिसळतो आहे असे वाटले तर क्षमा असावी. छत्तीस वर्षांची सवय आहे. पण लढाई संपल्यावर देशांच्या वहीत मागील बाकी कोण उतरवतो, हा प्रश्न मला पडला तो मात्र कचेरीत नव्हे. तो पडला सत्तरीच्या उंबरठ्यावर, अमेरिकेत, मेथीच्या वाफ्यापाशी.

२०१४ च्या मे महिन्यात सौ. आणि मी लेकीकडे गेलो. लेक आणि जावई वॉशिंग्टन शहराच्या वायव्य भागात, एका वृद्ध गृहस्थांच्या घराच्या खालच्या मजल्यावर भाड्याने राहत होते. भाग असा की आपल्याकडचे मलबार हिल ओशाळावे. उंच झाडे, रुंद हिरवळी, घरासमोर फुलांचे ताटवे आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही. स्प्रिंग व्हॅली हे त्याचे नाव. लिंडन जॉन्सन उपाध्यक्ष असताना याच वस्तीत राहत होते, असे जावईबापूंनी पहिल्याच दिवशी सांगितले. नव्या गावात आलेल्या सासऱ्याला काहीतरी दाखवावे लागतेच.

आमच्या सौ.ला रिकामे बसवत नाही. आठ दिवसांत तिने मागल्या अंगणात चार हात जागा हेरली आणि मुंबईहून पदराला बांधून आणलेली मेथी आणि धणे पेरायचे ठरवले. घरमालकांची परवानगी विचारायला लेकीला वर पाठवले, तर म्हातारबुवा स्वतःच खाली आले. हातात कागदांची फाइल. अतिशय सौजन्याने म्हणाले, पेरा, जरूर पेरा, पण आधी एवढे वाचून घ्या. त्या फाइलीत लष्कराच्या इंजिनियर खात्याची पत्रे होती. आमच्या अंगणातल्या मातीचे नमुने घेतले होते, त्यांत सोमल, म्हणजे आर्सेनिक, किती सापडला याचे आकडे होते, आणि दहा लाख भागांत वीस भाग ही जी मर्यादा ठरवली होती तिच्या आत तो असल्याचा निर्वाळा होता.

सौ.ने विचारले, "अहो, पण अंगणात सोमल आला कुठून?"

त्या एका प्रश्नाच्या पाठीमागे मी तो सबंध उन्हाळा घालवला. सकाळी फिरायला जाताना ग्लेनब्रुक रोडवर दोन टोलेजंग घरांच्या मध्ये एक भलेमोठे तंबूवजा छत उभे दिसे, भोवती कुंपण. मला वाटले होते, कोणाचे तरी लग्न असेल. पण तिथले घर दीड वर्षापूर्वी पाडून लष्कराची माणसे त्याखालची माती वीतवीत खणून काढीत होती. एखादा विषारी वायू निसटलाच तर आजूबाजूच्यांनी दारे-खिडक्या बंद करून घरात बसावे म्हणून भोंग्याची व्यवस्था होती. घराच्या दोन्ही बाजूंना गुलाब फुललेले.

गोष्ट पहिल्या महायुद्धाची आहे. १९१७ च्या एप्रिलमध्ये अमेरिका लढाईत उतरली. युरोपात जर्मनांनी विषारी वायूचा वापर सुरू करून दोन वर्षे झाली होती आणि अमेरिकेपाशी ना वायू होता ना मुखवटे. या भागात अमेरिकन युनिव्हर्सिटी नावाचे एक विद्यापीठ नुकतेच सुरू झाले होते. विद्यार्थी थोडे, जमीन पुष्कळ. विद्यापीठाने आपली जागा सरकारला देऊ केली. पाहता पाहता तिथे देशातले रसायनशास्त्रज्ञ गोळा झाले, प्रयोगशाळा उठल्या, आसपासची शेते घेऊन खंदक खणले. त्या खंदकांत कुत्री आणि बकरी बांधून मस्टर्ड वायू, आणि सोमलापासून केलेली इतर विषे, यांचे प्रयोग चालत. १९१८ च्या नोव्हेंबरात लढाई संपली. शास्त्रज्ञ घरी गेले. उरलेल्या मालाचे काय करायचे?

पुरून टाकला. एका सैनिकाने १९१८ साली त्या खड्ड्याच्या काठावर काढलेला फोटो आजही पाहायला मिळतो. भोवती काचेचे मोठाले बुधले आहेत, आणि फोटोच्या मागे त्याने खड्ड्याचे जे नाव लिहिले आहे ते ग्रीक यमलोकाचे आहे. १९२१ साली विद्यापीठाच्याच नियतकालिकात हे दफन उघड छापून आले होते. विद्यापीठाच्या जमिनीत दूर मागे खोल खड्डा खणून दारूगोळा पुरला, आणि पुरलेल्या मालाची किंमत आठ लाख डॉलर! हा आकडा वाचला आणि मी खुर्चीत ताठ बसलो. काय पुरले त्याची किंमत लिहून ठेवली, आणि नेमके कुठे पुरले ते लिहायचे राहिले. मुनीमजींनी असल्या कारकुनाला दुपारच्या आत घरी पाठवले असते.

मग जे होते तेच झाले. जमीन विकली गेली, घरे उठली, मुले जन्मली, त्यांची लग्ने झाली. १९८६ साली विद्यापीठाला काही बांधकाम काढायचे होते म्हणून त्याने लष्कराकडे चौकशी केली. लष्कराने जुने कागद चाळले आणि पुरावा पुरेसा नाही म्हणून कागद पुन्हा बांधून ठेवले. १९९३ च्या ५ जानेवारीला एका नव्या गल्लीत नळ-तारांसाठी चर खणताना मजुराच्या यंत्राला तोफगोळे लागले. घरे रिकामी करून घेतली, आणि त्या एका जागेतून १४१ नग निघाले. दोन वर्षे शोधाशोध करून १९९५ साली लष्कराने काम पुरे झाले असे जाहीर केले. शहराच्या आरोग्यखात्याला ते पटले नाही. त्याने नकाशे ताडून पाहिले, तेव्हा खड्ड्यांच्या जागा ठरवण्यातच चूक झाल्याचे निघाले. १९९९ मध्ये पुन्हा खणले, ते कोरियाच्या राजदूताच्या निवासाच्या आवारात. तिथे शेकडो वस्तू सापडल्या. २००१ मध्ये विद्यापीठाच्या शिशुविहाराच्या अंगणात सोमल मर्यादेच्या बाहेर निघाला आणि तो बंद करावा लागला. मग वस्तीतल्या हजाराहून अधिक अंगणांची माती तपासायचे ठरले. आमच्या घरमालकांची फाइल त्या तपासणीतली.

एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. जिथे मोठी झाडे होती आणि माती काढली असती तर ती मेली असती, अशा काही ठिकाणी २००४ पासून त्यांनी एका जातीची नेचे लावली. ही नेचे जमिनीतला सोमल आपल्या पानांत ओढून घेतात. मग पाने कापायची, विषारी कचरा म्हणून नीट वेगळी न्यायची, पुढल्या वर्षी पुन्हा लावायची. हे ऐकून सौ. म्हणाली, "म्हणजे नेचा जर ओढून घेतो, तर माझ्या मेथीचं काय?" जावईबापू हसले. मला हसू आले नाही.

जावई संगणकातले. त्यांनी मला अमेरिकन संसदेच्या हिशेबतपासणी कार्यालयाचे अहवाल काढून दिले. सगळे जाहीर, सगळे फुकट. माझ्यासारख्या निवृत्त माणसाला ही पर्वणीच. २००२ सालच्या अहवालात लिहिले होते की स्प्रिंग व्हॅलीत आतापर्यंत पाच कोटी डॉलरच्या वर खर्च झाला, आणि लष्कराच्या अंदाजाप्रमाणे उरलेल्या कामाला सुमारे सात कोटी डॉलर आणि पाच वर्षे लागतील. पाच वर्षे! मी हे वाचत होतो बाराव्या वर्षी, आणि खिडकीतून मला त्या तंबूकडे जाणारा ट्रक दिसत होता. खर्च तोपर्यंत वीस कोटींच्या वर गेला होता. पुढे २०१७ मध्ये तिथल्या काही कामगारांना बाधा होऊन रुग्णालयात न्यावे लागले, काम थांबले, आणि त्या एका घराखालचे खोदकाम पुरते संपायला २०२० उजाडले. अठरा-वीस महिन्यांत पुरलेले काढायला सत्तावीस वर्षे.

इथे मला माझ्या वडिलांची आठवण येते. ते गोदीत कारकून होते. १४ एप्रिल १९४४ ला दुपारी चारच्या सुमारास व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' जहाज फुटले तेव्हा ते हिशेबाचे कागद घेऊन बॅलार्ड पिअरकडे गेले होते, म्हणून वाचले. म्हणून मीही आहे. जहाजात चौदाशे टनांच्या आसपास दारूगोळा, कापसाच्या गासड्या आणि सोन्याच्या १२४ लगडी असा माल होता. शेकडो माणसे मेली, हजारो बेघर झाली. गोदी मोकळी करायला आठ हजार माणसे सहा-सात महिने राबत होती, लाखो टन ढिगारा उपसावा लागला. सरकारने जबाबदारी घेऊन नुकसानभरपाई दिली, हे नमूद केले पाहिजे. वडील सांगायचे, सोन्याचा हिशेब लगडीगणिक ठेवला होता. एक लगड उडून दूरवर एका पारशी गृहस्थांच्या घरात पडली, ती त्यांनी परत केली; त्यानंतरही कित्येक वर्षे गाळ काढताना लगडी सापडत आणि सरकारजमा होत. "आणि न फुटलेले गोळे?" मी विचारी. त्यावर ते काही बोलत नसत. २०११ सालीही गोदीत एक न फुटलेला गोळा निघाल्याची बातमी मी वाचली, तेव्हा ते हयात नव्हते.

सोने गाळात पडले तरी वहीत राहते, आणि गोळा गाळात पडला की वहीतूनही जातो. असे का व्हावे, याचे उत्तर मला त्या अमेरिकन अहवालांत सापडले. पुष्कळ वर्षे तिकडच्या लष्कराच्या हिशेबात तोफ घेतली की तोफेची किंमत खर्ची पडे आणि विषय संपे. एक ना एक दिवस ती तोफ मोडावी लागेल, तिचा गोळा निकामी करावा लागेल, तिने खराब केलेली जमीन धुवावी लागेल, याची तरतूद कुठेच नसे. आपण घरात साधे शीतकपाट घेतले तरी जुने कोण नेणार हे आधी विचारतो. १९९० साली अमेरिकेत सरकारी खात्यांनी कंपन्यांसारखे ताळेबंद मांडावेत असा कायदा झाला, हिशेबाचे नियम ठरवायला मंडळ नेमले गेले, आणि १९९५-९६ च्या सुमाराला त्या मंडळाने नियम केला की सफाईचा आणि विल्हेवाटीचा खर्च हे देणे आहे, ते ताळेबंदात दाखवलेच पाहिजे. लष्कराने आरंभी सांगितले, याचा अंदाज करता येत नाही. त्यावर १९९७ साली हिशेबतपासणी कार्यालयाने विमानांच्या विल्हेवाटीवर एक अहवालच काढला. त्याचे शीर्षकच, मराठीत सांगायचे तर, 'अंदाज करता येतो' असे आहे. हिशेबनिसांच्या जातीचा मला अभिमान वाटावा असे प्रसंग आयुष्यात थोडेच आले. हा त्यांतला एक.

पण नियमात एक भोक आहे, आणि माझ्या धंद्यातला माणूस ते लगेच ओळखेल. देणे वहीत कधी घ्यायचे? ते होणे संभवनीय असेल आणि त्याची रक्कम वाजवीपणे अंदाजता येत असेल तेव्हा. ऐकायला चोख. आता स्प्रिंग व्हॅलीचे उदाहरण घ्या. १९८६ मध्ये लष्कराने कागद पाहिले आणि बांधून ठेवले. खड्डा कुठे आहे हे ठाऊक नाही, म्हणून किती खर्च येईल ते सांगता येत नाही. सांगता येत नाही म्हणून वहीत रक्कम नाही. आणि वहीत रक्कम नाही म्हणून शोधायला पैसे मागायचे कारण नाही. न शोधणारा कारकून वर्षअखेर सर्वांत स्वच्छ ताळेबंद घेऊन साहेबापुढे जातो. जो खणतो त्याचे देणे वाढते, आणि वरून बोलणीही त्यालाच बसतात. यात कोणी खोटा आकडा लिहिला असे नाही. आकडा लिहिलाच नाही, इतकेच. माझ्या नोकरीत मी खोटे आकडे पुष्कळ पकडले. न लिहिलेला आकडा पकडल्याचे मला फारसे आठवत नाही.

म्हणून जसजसे खणावे तसतसे देणे फुगत गेले. २०१७ अखेर अमेरिकन सरकारने आपल्या सगळ्या खात्यांचे मिळून असे सफाईचे देणे ४६५ अब्ज डॉलर दाखवले होते. त्यात ३८४ अब्ज एकट्या ऊर्जाखात्याचे, कारण अणुबॉम्बच्या कारखान्यांची घाण त्याच्याकडे सोपवलेली आहे. पश्चिम किनाऱ्यावरच्या वॉशिंग्टन राज्यात हॅनफर्ड म्हणून जागा आहे. नागासाकीवर टाकलेल्या बॉम्बचे प्लुटोनियम तिथले. तिथे जमिनीखालच्या १७७ टाक्यांत कोट्यवधी गॅलन किरणोत्सारी गाळ साठला आहे. पुढल्या एका वर्षात ऊर्जाखात्याचा आकडा ३८४ वरून ४९४ अब्जांवर गेला. त्या वर्षी कोणी नवी घाण केली नव्हती, फक्त अंदाज थोडे खरे झाले. आणि संरक्षणखात्याचा सबंध हिशेब २०१८ ते २०२४ अशी सात वर्षे ओळीने तपासला, एकाही वर्षी तपासनीसांना त्यावर निर्मळ शेरा देता आला नाही. आमच्या कंपनीत असे दुसऱ्या वर्षी झाले असते तर आम्हां सगळ्यांना दुसरी नोकरी शोधावी लागली असती.

विषारी वायूचीच गोष्ट पुरी करतो. दुसऱ्या महायुद्धानंतर आणि शीतयुद्धात अमेरिकेने तीस हजार टनांहून अधिक असा साठा करून ठेवला. तो नको झाला तेव्हा आधी स्वस्त मार्ग काढला. साठच्या दशकात जुन्या जहाजांत माल भरून ती खोल समुद्रात बुडवली. १९७० च्या ऑगस्टमध्ये फ्लॉरिडाच्या किनाऱ्यापलीकडे सिमेंटात गाडलेले अग्निबाण असेच बुडवले, त्यावर गहजब झाला, आणि १९७२ मध्ये कायद्याने हे बंद झाले. १९८५ साली संसदेने ठरवले की सगळा साठा १९९४ पर्यंत नष्ट करायचा. अंदाजे खर्च १.७ अब्ज डॉलर. शेवटचा अग्निबाण केंटकी राज्यात नष्ट झाला तो ७ जुलै २०२३ ला, आणि एकूण खर्च चाळीस अब्जांच्या आसपास गेला. त्यातला बराच खर्च आसपासच्या गावकऱ्यांनी भट्ट्यांच्या धुराला विरोध केला, अधिक सुरक्षित रीत मागितली म्हणून वाढला, असे म्हणतात. म्हणोत बापडे. तो खर्च वाढला नाही. तो आधी गावकऱ्यांच्या फुप्फुसांच्या खाती टाकला होता, तिथून काढून सरकारच्या खाती आणला. आपल्याही देशाने १९९७ मध्ये सुमारे हजार टन मस्टर्डचा साठा असल्याचे जाहीर केले आणि २००९ मध्ये तो पुरा नष्ट केला.

हे सगळे मी रोज रात्री जेवणाच्या टेबलावर सांगत असे. एके रात्री लेक म्हणाली, "बाबा, तुमचं सगळं खरं. पण आम्ही या भागात घर घ्यायचं बोलतोय. घ्यावं की नाही, तेवढं सांगा."

मी छत्तीस वर्षे दुसऱ्यांच्या जमाखर्चावर शेरे मारले, पण या प्रश्नाला माझ्याकडे शेरा नव्हता. आमच्या अंगणाचे पत्र चोख होते. नमुने घेतल्याची तारीख, जागा, आकडा, सही. पण १९९५ सालचे पत्रही चोखच असणार. मी जावयांना म्हणालो, "तुम्ही घर बघाल तेव्हा किंमत विचारण्याआधी मातीची फाइल मागा. ज्या घराची फाइल जाड असेल ते घ्या. पातळ फाइलवाल्याच्या नादी लागू नका." लेक म्हणाली, हा उलटाच सल्ला झाला. असेल. पुढल्या वर्षी त्यांनी नदीपलीकडे, व्हर्जिनियात घर घेतले. मुलांची शाळा जवळ म्हणून, असे आम्हांला कळवले.

मेथीचे राहिले. पत्र वाचून झाल्यावर सौ.ने ते घडी घालून घरमालकांना परत दिले, त्यांना चहा दिला, चिवडा दिला. दुसऱ्या दिवशी लेकीला घेऊन ती बाजारात गेली आणि मातीच्या तीन पिशव्या नि चार कुंड्या घेऊन आली. जूनअखेर मेथी छान तरारली, तिचे ठेपले वर म्हातारबुवांकडेही गेले. घरी निघताना मी सवयीप्रमाणे सगळ्या पावत्या एकत्र केल्या, त्यांत त्या मातीची पावती होती. कोणत्या खाती टाकावी ते काही केल्या ठरेना. सौ. म्हणाली, "भाजीत लिहा."